डावीकडे पडलेला पीळ

पाच वर्षांपूर्वी मी एकसष्ट वर्षांची होते. इतक्या कोवळ्या वयात अक्कल नसते हे मान्य, पण तेव्हाच्या माझ्याइतकी फुशारकी मारणारी बया अख्ख्या येलहंक्यात दुसरी नसेल.

नातीनं शहराच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्यानं घर घेतलं. म्हणाली, "आज्जी, कांदे ठेवायला टोपली दे. तुझ्या हातची हवी, विकतची नको."

"त्यात काय! माहेरी ढिगानं विणायचो," ही बया म्हणाली. साफ खोटं. माहेरी टोपल्या होत्या, विणणारे दुसरेच होते.

मग दोन सकाळी आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर टोपल्या विणणाऱ्या अक्कांसमोर जाऊन बसले. बांबूच्या दोन पट्ट्या एकदम घ्यायच्या, प्रत्येक उभ्या काडीला एक पुढून, एक मागून, की मध्ये पीळ. माझ्या हातून उतरली ती चेंगरलेली टोपी. अक्का आपल्या कानडी-मराठीत म्हणाल्या, "अम्मा, स्वल्प सरका, थोडं बाजूला." शेवटी घाई करून त्यांच्याकडूनच एक विणून घेतली आणि नातीला दिली, वर "बोटं सोलली गं" असं कण्हून.

पोरगी हरखली. पुढच्या रविवारी पट्ट्या आणि ती टोपली घेऊन दारात हजर. "शिकव."

बया बसली की शिकवायला! तीन ओळी झाल्यावर नात थांबली. "आज्जी, तुझा पीळ उजवीकडे पडतोय. टोपलीवरचा सगळा डावीकडे आहे."

अक्का डावखुऱ्या. दोन सकाळी समोर बसून मला ते दिसलं नव्हतं, कारण मी स्वतःचं कौतुक सांगण्यात गर्क.

"तेव्हा मी डाव्या हातानं विणलं," मी ठोकून दिलं.

"मग आता वीण."

विणलं. पट्टी सटकून माझ्याच नाकावर बसली. नात हसली नाही, तिथं माझी तंतरली.

"कुणी विणली?"

सांगितलं.

"मी सगळ्यांना सांगत फिरले, आज्जीनं विणली म्हणून. आता तुझं काय खरं मानू?" असं म्हणून टोपली उचलली आणि मला दंडाला धरून अक्कांकडे घेऊन गेली. "अक्का, ही तुमची. आज्जी स्वतःची म्हणून मिरवत होती."

अक्कांनी टोपली उलटी करून बूड दाबलं आणि तोंड वाकडं केलं. "घाईत केलेली आहे. माझी म्हणू नका, अम्माचीच असू द्या."

नात तिथेच मांडी घालून बसली. "मला पहिल्यापासून दाखवा." आणि माझ्याकडे न बघता, "आज्जी, तू ऑटो करून घरी जा. मला वेळ लागेल."

गेले. ऑटोवाल्यानं कुठं म्हणून विचारलं; त्या दिवशी पहिल्याच विचारण्याला खरं सांगितलं ते तेवढंच.