भेगांचे घर

मुलांनो, आमच्या अकोल्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहणारा भाडेकरू संगणकावर सिनेमाचे सेट काढतो. बोलताना तो माणसाकडे पाहत नाही, मागच्या भिंतीकडे पाहतो. खिशात मोजपट्टी असते आणि कुठेही शिरताना तो म्हणतो, “फक्त पाहतो हं.”

शेतीच्या वाईट दिवसांवर सिनेमा निघणार म्हणून त्याने शेजारच्या मंदाबाईंचे मातीचे घर मोजले. मुलीला पाहायला बाळापूरचे पाहुणे येणार, म्हणून त्यांनी ते नुकतेच पांढऱ्या मातीने पोतारले होते. काल त्याने मंदाबाईंना आणि मला ते घर पडद्यावर दाखवले. भिंतभर भेगा होत्या.

“माह्या घराले भेगा कावून पाडून राहिला रे? सोयरे पायतीन तं काय म्हनतीन?”

“सिनेमावाल्यांना तशाच हव्यात, मावशी. पण काढतो.”

त्याने भेगा पुसल्या. मंदाबाई समाधानाने घरी गेल्या. मी मात्र चष्मा लावून बसले होते. पुसण्याआधी त्याने भेगांच्या घराची एक प्रत वेगळी ठेवली, ते मी पाहिले.

आज तो आमच्या व्हरांड्यात आला. माझ्या मागच्या भिंतीकडे पाहत म्हणाला, “आजी, फक्त पाहतो हं.”

मी दार लावून घेतले.