'इतर' नावाचा रकाना

आमच्या साहेबांइतका हुशार माणूस मी उभ्या नागपुरात पाहिला नाही, आणि हुशारीनं स्वतःचं इतकं पद्धतशीर वाटोळं करून घेणाराही. साठच्या दशकात त्यांनी भिवापूरकडच्या एका पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाचं, उत्खनन केलं. मी त्यांच्या हाताखालचा ड्राफ्ट्समन; सापडलेल्या खापरांची चित्रं काढायचो. खोदकाम दोन हिवाळ्यांत आटोपलं. अहवाल मात्र वर्षानुवर्षं रखडला, कारण साहेबांनी वस्तूंच्या वर्गीकरणाची स्वतःची पद्धत काढली होती आणि तिच्यात 'इतर' हा रकाना नव्हता. ज्याचं काय करावं कळत नाही ते त्यात टाकून मंडळी मोकळी होतात. साहेबांना ते पाप वाटे. "इतर म्हणजे काय गा? आपल्याले समजलं नाही हे सांगाची लाज वाटते, म्हणून इतर," ते म्हणत. मग भोक पडलेला एखादा मातीचा गोळा निघाला की त्याच्यासाठी नवा वर्ग, त्याचे उपवर्ग, आणि त्यापायी आधीची सगळी पानं पुन्हा लिहायची. घरीही तेच. वहिनींनी एकदा इतवारीतून डाळ, गूळ आणि किरकोळ सामान आणायला सांगितलं, तर 'किरकोळ'ची फोड करून घ्यायला स्वारी अर्ध्या रस्त्यातून परत आली. वहिनींनी पिशवी काढून घेतली आणि स्वतः गेल्या.

आम्ही हसायचो. वरचे हसत नव्हते. साहेब निवृत्त झाल्याबरोबर एक चटपटीत अधिकारी आला आणि त्यानं अहवाल उरकायला घेतला. त्यानं माझ्याकडे चित्रं मागितली. "माझं लिहून झाल्याबिगर कोणाले देऊ नको," असं साहेबांनी जाताना मला बजावलं होतं. मी दिली. मला बढती हवी होती, खोटं कशाला बोलू. अहवाल छापून आला. निम्मी पांढर त्यात 'इतर'मध्ये ढकललेली होती. चित्रांखाली माझं नाव होतं. साहेबांचं कुठेच नव्हतं; आभारात 'आणि इतर सहकारी' एवढंच होतं, त्यात ते आले असावेत.

दुसऱ्या कुणी दाखवण्याआधी मीच प्रत घेऊन त्यांच्या घरी गेलो. शिव्या खायची तयारी होती. साहेबांनी चष्मा पुसला, आभाराचं पान वाचलं, मग चित्रांची पानं एकेक करून पाहिली आणि एका खापरावर बोट ठेवून म्हणाले, "हा काठ तू चांगला काढला गा." वहिनींना हाक मारून त्यांनी माझं छापलेलं नाव दाखवलं. वहिनींनी चहा केला. तो मी कसा प्यायलो ते माझं मला ठाऊक. त्यांचं हस्तलिखित कोपऱ्यातल्या ट्रंकेत होतं. ते वाचायला द्या म्हणायला माझी जीभ रेटली नाही, आणि साहेब गेल्यावर ती ट्रंक कुठे गेली, हेही मी वहिनींना विचारलं नाही.