आळीभर गेलेलं विरजण

लग्न होऊन भाईंदरला आले तेव्हा सासूबाईंच्या विरजणाचं आळीत नाव होतं. ते त्यांच्या सासूपासून चालत आलेलं. कुणाचं विरजण संपलं की ती बाई वाटी घेऊन आमच्याच दारात यायची. दिवे लागल्यावर मात्र सासूबाई कुणाला देत नसत. सकाळी मिठागरावर जाणारी माणसं आमच्याकडे ताक पिऊन पुढे जात. ते ताक अजून जिभेवर आहे.

पहिल्याच उन्हाळ्यात विरजण लावायचं काम माझ्याकडे आलं आणि दही लागेनासं झालं. सकाळी पाहावं तर मडक्यात दूध तसंच पातळ, जरासं आंबूस. सासूबाईंनी मडकं काढून घेतलं. "तुझ्या हाताला गुण न्हाय," एवढंच म्हणाल्या. विहिरीवर शेजारच्या काकूंनी हसत विचारलं, "काय गो, दह्यानं सुनेला वाळीत टाकलं का?" मी खाली मान घालून पाणी शेंदत राहिले. हे माहेरी कळलं तर आईला काय वाटेल, याचीच मला धास्ती.

मग सासूबाईंनी काकूंकडून विरजण आणलं आणि स्वतः लावलं. तेही फसलं. समोरच्या घरातून आणलं, तेही तसंच. त्यांनी फसलेलं मडकं चुलीपाशी ठेवलं. मग म्हणाल्या, "सगळ्यांकडं आपलंच हाय गो. आपलंच आपण मागून आणतोय."

परवा माझ्या नातीने सांगितलं, ती कॉलेजात सूक्ष्मजीवांचंच शिकते. दही लावणाऱ्या जिवाणूंच्या पोटात कधीकधी त्यांनाच मारणारा विषाणू निजून असतो. वर्षानुवर्षं काही करत नाही. फार उष्णता किंवा तसंच काही सोसावं लागलं की जागा होतो, आणि मग त्याच जातीचं विरजण कुठूनही आणलं तरी त्या घरात टिकत नाही. असेल. आमच्या दह्याला तेच झालं की आणखी काही, कोण सांगणार?

सासूबाईंनी सगळं ओतून दिलं, नवं मडकं आणलं आणि नवं विरजण धरायला कोमट दुधात देठासकट सुक्या मिरच्या टाकायला मला सांगितलं. पहिलं दही विरविरीत झालं, मग हळूहळू घट्ट लागू लागलं. जुनी चव मात्र परत आली नाही.

चांगलं लागलं त्या सकाळी त्या माझ्याबरोबर विहिरीवर आल्या. काकूंना थोडं दही देऊन सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सुनेनं लावलंय. माझंच इरजण बिघडलं होतं, हिचा हात न्हाय."

काकूंनी बोटाने चाखलं आणि मला म्हणाल्या, "उद्या मला दे गो थोडं विरजणाला."