बबनरावांची शुगर आणि धोंड्याचा महिना

खाद्यपरंपरांच्या नोंदी घेण्यासाठी बाहेर पडलेल्या माणसाकडे पाककृती कमी आणि किस्से जास्त जमतात, हे आमच्या पाहणीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले. पाककृती अहवालात गेल्या. किस्से मात्र मागे उरले, आणि मित्रांना सांगताना ते दर वेळी थोडे थोडे फुगत चालले आहेत. म्हणून ओळखू येतात तोवर लिहून ठेवतो.

आधी स्रोतांविषयी. पहिला किस्सा मला हिवाळ्यात, पाथर्डी रस्त्यावर जीप पंक्चर झाली असताना, बाभळीखाली बसून बबनरावांनी सांगितला. बबनराव म्हणजे आमच्या जीपचे चालक. आमटीचा किस्सा साठे मॅडमनी सांगितला. त्या या पाहणीच्या प्रमुख. उरलेले मी स्वतः पाहिले आहेत. मी मॅडमचा साहाय्यक. मानवशास्त्रात नुकताच एम.ए. झालेला.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. बबनरावांना शुगर आहे. आमच्या संस्थेत चालकांची दर वर्षी तपासणी होते, आणि गेल्या वर्षी बबनराव जेमतेम सुटले होते. या वेळी शुगर वाढलेली निघाली, तर जीप दुसऱ्याकडे जाणार आणि बबनरावांना गेटवर बसवणार, असे त्यांना स्पष्ट सांगण्यात आले होते.

"गेटवर खुर्ची टाकून बसू व्हय?" ते म्हणायचे. "त्यापरीस मला औताला जुंपा!"

त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, मला रोज संध्याकाळी फोन करत. "भाऊजी, खोटं बोलायचं न्हाई. आज काय काय खाल्लं त्येंनी?"

मला खोटे बोलता येत नाही. ही माझी अडचण होती. बबनरावांची तर होतीच!

*

पहिला किस्सा त्यांच्या लग्नाचा आहे. पाथर्डीच्या बाजूला दारी आलेल्या माणसापुढे आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या येतो. बबनराव मुलगी पाहायला गेले, त्या दिवशी त्यांनी वाटेत आणखी तीन घरी गूळ-पाणी घेतलेले होते. ते नुसते पाणी प्यायले आणि त्यांनी गूळ परत केला.

मुलीचे वडील उठले आणि म्हणाले, "बरं, या मग."

त्या घरात गूळ परत करणे म्हणजे मुलगी नापसंत! बबनरावांना घाम फुटला. त्यांनी ताटलीतला खडा तर उचललाच, शिवाय शेजारी बसलेल्या आपल्या मामांच्या हातातलाही घेऊन तोंडात टाकला.

"तवापास्नं सुमन माझ्या घरात हाय," बबनराव म्हणाले. "आता सांगा सायेब, गुळाला न्हाई कसं म्हनू?"

सुमनवहिनींना मी हे विचारून घेतले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खडा मामांच्या हातातला नव्हता, तोंडातला होता!

*

श्रीगोंद्याकडे आम्ही एका गुऱ्हाळावर गेलो. तिथला रिवाज असा, की गुऱ्हाळावर पाऊल ठेवणाऱ्याने आधी रस प्यायचा, मग कामाचे बोलायचे. मॅडमनी तो धोका ओळखून बजावले, "बबनराव, तुम्ही गाडीतून उतरू नका."

आम्ही रस पिऊन वही उघडतो न उघडतो, तोच मालक गरजले, "ड्रायव्हर कुठंय? त्येला उपाशी ठिऊन तुमी हितं रस पेता व्हय? गुऱ्हाळाची काय इज्जत ऱ्हायली?"

ते स्वतः तांब्या घेऊन जीपकडे निघाले. बबनरावांनी त्यांना येताना पाहिले आणि भराभर काच वर चढवली. मालक काचेवर टकटक करू लागले.

"मला शुगर हाय!" बबनराव आतून ओरडले.

मालक थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची काळजी दिसली. मागे वळून त्यांनी रस आटत असलेल्या चुलवाणापाशी उभ्या माणसाला हाक मारली, "आरं, पाव्हन्याला रस सोसत न्हाई! काकवी आन!"

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. मी म्हणालो, "वहिनी, काच बंद होती."

"आन उघडली कवा?"

मी फोन बबनरावांच्या हातात दिला. त्याचा अर्थ वहिनींनी बरोबर लावला.

*

अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका वस्तीत मात्र बबनरावांची पुरती निराशा झाली. नाचणीची भाकरी, खेकड्यांचे कालवण, कडू रानभाजी आणि बिनसाखरेचा कोरा चहा. जेवण अप्रतिम होते, आणि त्यात आक्षेप घेण्यासारखे काहीच नव्हते. बबनरावांचा आक्षेप नेमका हाच होता!

घरातल्या आजींनी त्यांना विचारले, "बाबा, त्वांड का पाडून बसलास?"

"शुगर हाय मला, आजी."

"म्हंजी?"

मी पुढे होऊन सोप्या शब्दांत समजावून सांगितले, की यांच्या रक्तात साखर जास्त आहे. आजींनी बबनरावांकडे नीट निरखून पाहिले आणि मान डोलावली.

"तरीच! सकाळधरनं आमच्या घरातले सारे डास ह्याच्याच भवती हायेत!"

*

मॅडमचा किस्सा शिपी आमटीचा. कर्जत-जामखेडच्या बाजूला ही झणझणीत आमटी भाकरी कुस्करून खातात आणि वाटीने पितातही. मी त्या दिवशी तापाने घरी होतो, त्यामुळे मॅडम सांगतात तसे लिहितो.

मॅडमच्या माहेरी, पुण्यात, वाटी चाटूनपुसून रिकामी केली की 'पुरे' असा अर्थ होतो. इथे रिकामी वाटी म्हणजे 'अजून'. मॅडमनी डोळे पुसत वाटी संपवली, ती भरली. पुन्हा संपवली, पुन्हा भरली. वाढणाऱ्या ताई कौतुकाने शेजारणीला म्हणाल्या, "बघा की, शहरातली बाई, पन रडत रडत बी मागती!"

शेवटी बबनरावांना दया आली. त्यांनी मॅडमच्या वाटीवर आपला तळहात आडवा धरला. पण ताईंच्या हाताला वेग आलेला होता. गरमागरम आमटी थेट बबनरावांच्या हातावर!

"चव कशी हाय?" ताईंनी विचारले.

"हाताला तरी चांगली लागली," बबनराव म्हणाले.

*

आणि आता धोंड्याचा महिना. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे, ही प्रथा सर्वांना ठाऊक आहे. यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. सासुरवाडीने बबनरावांना नेमके तपासणीच्या आदल्या दिवशी जेवायला बोलावले. मॅडमना धोंड्यांची नोंद हवी होती, म्हणून आम्ही दोघेही जीपमध्ये होतो.

सासुरवाडीच्या ओट्यावर मी एक अजब दृश्य पाहिले. वर्षभर पहारा देणाऱ्या सुमनवहिनी नवऱ्याला खाण्याचा आग्रह करत होत्या, आणि वर्षभर पहारा चुकवणारे बबनराव नकार देत होते!

"उद्या तपासनी हाय, सुमन. गाडी जाईल माझी."

"आन माझ्या आईचं काय? जावई धोंडा न खाता उठला, तर गावात त्वांड दाखवाया जागा ऱ्हाईल का?"

"एकच खातो."

"जोडीनं खात्यात. एक खाल्ला तर अपशकून!"

मॅडम म्हणाल्या, "मी आईंशी बोलून पाहू का?"

"नगं मॅडम," दोघेही एकदम म्हणाले.

पाट मांडला गेला. दारात शेजारणी गोळा झाल्या. सासूबाईंनी ताट आणून ठेवले. टम्म फुगलेले दोन धोंडे, वर तुपाची धार. बबनरावांनी जीपच्या दिशेने एकदा पाहिले. मग डोळे मिटून घास घेतला.

त्यांचा चेहरा लाल झाला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

"अगं बया, जावई रडाया लागलं!" दारातून कोणीतरी म्हणाले.

"ग्वाड झाल्यात न्हवं?" सासूबाईंनी शांतपणे विचारले.

बबनरावांनी त्यांच्याकडे पाहिले. "लई ग्वाड, मामी," ते म्हणाले आणि दुसरा धोंडा स्वतःहून उचलला.

नोंद पूर्ण करण्यासाठी मी स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्येंच्या दोनात पुरन न्हाई. मुगाची डाळ आन ठेचा हाय. लेक रोज फोनवर रडती, मग मी काय करू? पन भायेर बोलू नगा."

मी वहीत लिहिले: 'तिखट धोंडे. परंपरेचे वय: एक दिवस.'

निघताना वाण मिळाले. तांब्याच्या ताटात दिवा, त्याभोवती खसखस लावलेले अनारसे, वरून गच्च बांधलेले फडके. वाण माहेरी ठेवून जायचे नसते, म्हणून ते जीपमध्ये आले. ताट मागच्या सीटवर सुमनवहिनींच्या मांडीवर होते. त्यांच्या शेजारी मी, पुढे मॅडम आणि स्टेअरिंगवर बबनराव. वाटेत आम्ही एकदाच, टायरची हवा पाहायला थांबलो.

दिवेलागणीला घरी पोहोचून वहिनींनी फडके सोडले. ताटात दिवा होता आणि खसखस होती.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिले. बबनराव म्हणाले, "माझे दोनी हात स्टेअरिंगवर हुते! सायबास्नी इचारा!"

मॅडम म्हणाल्या, "मी तर सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होते."

वहिनी म्हणाल्या, "मला जरा डोळा लागला हुता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि बबनरावांच्या खांद्यावर थाप मारली. जीप आजही तेच चालवतात.

वरील मजकुरातील बहुतेक बाबींची मी खातरजमा केली आहे. धोंड्यांत ठेचा होता, हे मी ताटातला तुकडा चाखून पाहिले. शुगर खरोखरच कमी आली, हे मी डॉक्टरांना विचारून घेतले. अनारसे कोणी खाल्ले, एवढे मात्र मला आजतागायत ठरवता आलेले नाही. खसखस चौघांच्याही कपड्यांवर होती.