वार बघायची होती

बाळंतपणात मला सगळ्यात जास्त उत्सुकता कशाची होती, असं कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगते. वारेची. हे ऐकून लोकांना कसंसंच होतं. पण मी रत्नागिरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. परीक्षेत प्लॅसेंटाची आकृती काढली होती, लाल-निळ्या पेन्सिलीने रंगवून. आता खरा नमुना माझ्याच पोटात तयार झालेला, आणि तो न बघताच कुठेतरी पुरला जाणार, हे काही मला पटत नव्हतं.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. पहिली खेप म्हणून मी गुहागर तालुक्यात माहेरी आले होते. नवरा मुंबईला नोकरीत. भातकापणी चालू होती, बाबा शेतावर. सकाळी कळा लागल्या तशी आई मला रिक्षात घालून आरोग्य केंद्रात घेऊन गेली. डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेलेले. होत्या त्या एकट्या नर्सबाई, कोल्हापूरकडच्या, बोलणं खणखणीत.

"किती उघडलंय?" मी विचारलं.

"चार बोटं."

"बोटं कुणाची धरायची?"

"माझीच की! तुमची कशी चालतील?" त्यांनी हातमोजा काढला. "मास्तरीणबाई, तपासणी माझी चाललीया का तुमची?"

मी हायस्कूलला शिकवते हे आईने आल्या आल्या सांगून टाकलं होतं. मग कळ गेली की मी एक प्रश्न विचारायची आणि कळ आली की बोंब मारायची. बाळाचं डोकं फिरतं म्हणजे कुठल्या बाजूला? पाणमोट आपली आपण का फुटते? नर्सबाई उत्तरं देत होत्या, चिडत होत्या, परत देत होत्या.

दुपारी मुलगी झाली. लगेच रडली. नर्सबाईंनी तिला पुसून माझ्या छातीवर ठेवली, नाळ कापली. सगळं झालं असं मला वाटलं, पण वार येईना.

नर्सबाईंनी एक हात माझ्या पोटावर ठेवला आणि गप्प उभ्या राहिल्या. आईला ते गप्प उभं राहणं सोसवेना.

"ओढा ना बाई ती."

"ओढायची नसते मावशी. सुटली की आपसूक येती."

"आपसूक यायला ता काय पिकलेला आंबा हाय?"

"तसंच समजा. देठ सुटायच्या आधी हिसडा मारला तर काय हुतं?"

आईचा चेहरा पांढरा पडला होता. तिची धाकटी बहीण बाळंतपणातच गेली, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. कशाने, ते घरात कुणी बोलत नसे. आईने माझ्या वेणीचं टोक उचललं आणि माझ्या तोंडाशी आणलं.

"हे तोंडात धर बाय. उमासा आला की पडते ती."

"मावशी, काढा ते! ओकायला लावू नका तिला." नर्सबाईंनी बाहेर शिपायाला हाक मारली, जीप आहे का बघ म्हणाल्या. वार आली नाही तर खाडीला वळसा घालून रत्नागिरी गाठायची होती. आता मलाही भीती वाटायला लागली.

मग त्यांचा हात बेंबीच्या खाली थबकला. "हे काय फुगलंय? लघवीला कधी गेला हुता?"

"सकाळी, घरी." संडास अंगणाच्या पलीकडे, वाटेत बाकावर बापेमाणसं बसलेली. मी सकाळपासून गेलेच नव्हते.

"अख्ख्या जगाचं विचारलंत, आणि एवढं सांगायचं राहिलं व्हय?" त्यांनी भांडं सरकवलं. "लघवीनं भरून गर्भपिशवीची वाट अडवून बसलंय ते."

पण तिथे, त्या दोघींच्या समोर, होईना. तेव्हा नर्सबाईंनी तांब्यातलं पाणी बादलीत बारीक धारेने सोडलं, लहान पोरांना करतात तसं. मला हसू आलं, आणि झालं एकदाचं. थोड्याच वेळात ऊन ऊन रक्त गेलं, नाळ खाली सरकली. "आता जोर करा," त्या म्हणाल्या, आणि वार आली.

त्यांनी पोट चोळलं. ते नारळासारखं घट्ट झालं तेव्हा माझा हातही तिथे ठेवला. आई मुलीला घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"आली ना? द्या, गुंडाळून नेते. मडकं आणलंय."

"थांबा. सगळी आली का बघू दे आधी." त्या ट्रे घेऊन खिडकीपाशी गेल्या.

"मला दाखवा," मी म्हटलं.

"शी! ता काय बगायचं असतं?" आई भिंतीलाच बोलली.

"आजवर कुणी मागितलं न्हाय," म्हणत नर्सबाईंनी ट्रे माझ्यापाशी आणला.

एका बाजूने ती काळपट लाल, कलेजीसारखी. पण अखंड नाही. सुकत्या चिखलाला भेगा पडून ढेकळं व्हावीत तसे वाटे पडलेले. दुसरी बाजू गुळगुळीत, चकचकीत, आणि नाळेपासून चहूकडे गेलेल्या निळसर शिरा. माझी निळी पेन्सिल बरोबर होती. लाल मात्र फारच फिकी होती.

"ही माझी की मुलीची?"

"हिचीच म्हणा. तुमच्या अंगाला चिकटून राहिलेली." त्यांनी दोन्ही हातांनी वाटे जवळ आणले. "एकमेकांत बसतायत बघा. मधेच खड्डा दिसला तर समजायचं, तुकडा आत राहिला. मग रक्त थांबत न्हाय."

आई वळली.

"तुकडा ऱ्हातो?"

"राहतो की."

"माज्या बहिणीची आली होती. मी सोता पुरली. तरी ती रातभर..." ती थांबली. "लोक म्हणाली, कुणीतरी बाहेरचं लागलं."

"आली असंल मावशी. पण सगळी आली का कुणी बघितलं?"

"कोण बगणार? तोंड फिरवून मडक्यात घातली."

तिने मुलीला माझ्या कुशीत दिलं आणि ट्रेवर वाकली. मग एक बोट त्या भेगांवरून, न टेकवता, फिरवलं.

"परत दाखवा बाई. उलटी करून."

नर्सबाईंनी दाखवली. आईने आणखी एकदा दाखवायला सांगितलं, त्यांनी तेव्हाही दाखवली. मग आमची वार मडक्यात गेली, हळदकुंकू वाहून परसात पुरली गेली. त्यात आईने काही बदल केला नाही.

बदलली ती तिची चौकशी. पुढे वाडीत कुणीही बाळंत झाली की बायका मुलगा की मुलगी विचारत. आई थेट उंबऱ्यात उभी राहून बाळंतिणीच्या सासूला धरायची, "अख्खी होती काय गो? उलटी करून बगितलीव?" सासू तोंड वाकडं करायची, शी म्हणायची. उत्तर मिळेपर्यंत आई उंबऱ्यातून हलायची नाही.