शनिवारचे वडे

आमच्या बाईंइतकं हट्टी माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात दुसरं नसेल. असलंच, तर त्याचीही शाळा बुडाली असेल. अंबडला धान्याच्या मोंढ्याच्या मागे दोन खोल्यांत त्यांनी आंधळ्या मुलींची शाळा काढली, तेव्हा लोकांनी विचारलं, "आंधळ्या पोरींना शिकवून काय करणार?" बाई म्हणाल्या, "तुमच्या डोळस पोरींना न शिकवून तुम्ही काय केलं?" असं बोलणाऱ्या बाईला वर्गणी कोण देणार!

मी त्याच शाळेतली, जन्मापासून आंधळी. बाई मला ठाऊक त्या आवाजानं. गल्लीच्या टोकाला त्या कुणावर तरी खेकसल्या की आम्ही इकडे चूल पेटवायला घ्यायचो. आमच्या पायांना आळस चढू नये म्हणून त्या रोज रांजण, पाटा, खाटा यांच्या जागा बदलायच्या. आम्ही कुणी कधी पडलो नाही. डोळस बाईच पहाटे रांजणावर आपटायच्या आणि "कुण्या मुडद्यानं ठिवला हितं?" म्हणून ओरडायच्या. एकदा तहसीलदारांच्या मंडळी दारात येऊन आम्हाला 'बिच्चाऱ्या' म्हणाल्या, तर बाईंनी त्यांना जात्यापाशी बसवलं. "डोळे मिटून पायलीभर दळा, मंग म्हणा." तहसिलीतून मदत मिळायची होती, ती राहिलीच.

पण खरा हट्ट शनिवारचा. ज्याच्यामागे साडेसाती, त्यानं वाटीभर तेलात आपलं तोंड बघायचं, मूठभर उडीद घ्यायचे आणि ते आंधळ्या-पांगळ्याला देऊन मोकळं व्हायचं. गावाला आम्ही फार सोयीच्या. अख्ख्या अंबडची पीडा टाकायला एकच दार! बाई दान घ्यायच्या, पण कुणाचं भांडं रिकामं परत करायच्या नाहीत. त्याच उडदाचे वडे त्याच तेलात तळून, त्याच वाटीत घालून रविवारी आमच्या हाती घरोघर पाठवायच्या. "शेजारधर्म हाय," म्हणायच्या. लोकांची तोंडं कशी व्हायची ते मला माहीत नाही. दारं लागल्याचे आवाज माहीत आहेत.

आमची ज्वारी ज्या शेठजींच्या आडतीतून फुकट यायची, त्यांनाच एकदा साडेसाती लागली. त्यांची सून वाटी घेऊन आली. आम्ही सगळ्या बाईंच्या पाया पडलो, "बाई, एवढी एक वाटी रिकामी जाऊ द्या." बाई म्हणाल्या, "त्याची ज्वारी खाऊन राह्यलो म्हणून त्याची पीडाबी खायची? बिलकुल न्हाई. जा गं, वडे देऊन ये." मीच गेले. शेठजींनी वाटी उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावली आणि ज्वारी बंद केली.

मग काय! एकेकीचा बाप आला आणि एकेकीला घेऊन गेला. उरल्या त्या रझाकारांच्या धामधुमीत पांगल्या. मला भावानं राजूरला नेलं. तिथं गोठ्याशेजारी बसून असते, पाठ केलेल्या कविता गाईंना ऐकवते. मला आजही चीड येते. त्या गावाची येते, बाईंचीही येते. एक वाटी, बाई! एक वाटी रिकामी गेली असती तर काय बिघडलं असतं?

निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर मी भावाबरोबर त्यांना भेटायला गेले. बाईंचे डोळे गेले होते. रांजण आता जागचा हलत नव्हता. नेमका शनिवार. शेठजींची तीच सून दारात आली. तिचा आवाज मी कशी विसरेन? "आंधळ्या म्हातारीला तेल आणलंय," म्हणाली.

बाईंनी तेल-उडीद काढून घेतले आणि वाटीत घालायला काहीतरी शोधू लागल्या. डबे चाचपले. एकेक रिकामा वाजला. भावजयीनं वाटेला दिलेला गुळाचा खडा मी गुपचूप त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो वाटीत घातला, ताठ आवाजात म्हणाल्या, "घे बाई. शेजारधर्म हाय."

सून ओट्यावरून उतरली आणि तिनं गूळ नालीत टाकला. मला स्पष्ट ऐकू आलं. बाई नव्यानं आंधळ्या झालेल्या, त्यांचे कान अजून तयार झाले नव्हते.

"नेला ना गं तिनं?"

"नेला, बाई," मी म्हणाले. "बराबर नेला."