हिरव्या टिकलीची बॅटरी

चाकणच्या ज्या कंपनीत मी ऑफिसला होते, तिथं दर खंडेनवमीला मशिनची पूजा व्हायची आणि फोटो काढायला चिंचवडहून एक बाई यायच्या. साडी, पायात बूट, गळ्यात कॅमेरा. सगळे साहेब लोक त्यांचं ऐकायचे. ‘तुम्ही जरा मागं सरका, मशिन झाकतंय,’ असं त्या आमच्या प्लँट हेडला सुद्धा सांगायच्या. एका वर्षी त्यांचा दिवा धरायला कुणी नव्हतं, तर मी धरला. जाताना म्हणाल्या, ‘हात हलत नाही तुझा. चांगलं आहे.’ तेव्हापासून मी त्यांना ताई म्हणायला लागले.

पुढे सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. नवरा शिफ्टमध्ये, मी कंपनीच्या बसमध्ये, घरी बघायला कोणी नाही, म्हणून मी नोकरी सोडली. ताईंना कळलं तशा त्या घरी आल्या. सासूबाईंच्या उशाशी बसल्या, त्यांना चमच्यानं पेज भरवली आणि मला म्हणाल्या, ‘माझ्याबरोबर काम कर. रोज नसतं, मुहूर्त असेल तेव्हाच असतं. घर सांभाळून होईल.’

चिंचवड स्टेशनजवळ त्यांचा छोटासा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो तिथं निघायचे, पण खरं काम डोहाळजेवणांचं आणि बारशांचं. बायकांच्या कार्यक्रमात बायकाच फोटो काढणाऱ्या असल्या की घरातल्या मोकळ्या होतात. आमच्या भागात तेव्हा असं काम करणाऱ्या फार कोणी नव्हत्या. ताथवड्याच्या नव्या सोसायट्यांच्या क्लबहाउसपासून मोशीच्या गावठाणातल्या जुन्या घरांपर्यंत आम्हाला बोलावणं यायचं. ताई समोरून घ्यायच्या, मी बाजूनं. पाहुण्या बायकांना आम्ही बहिणीच वाटायचो. आम्ही कधी नाही म्हटलं नाही.

एका डोहाळजेवणात माझा कॅमेरा ऐनवेळी बंद पडला. पेढा की बर्फी बघायला त्या मुलीनं वाटी उचलली आणि माझी बॅटरी संपली. ताईंनी ते टिपलं म्हणून निभावलं. त्यानंतर आम्ही दोघींनी आमच्या कॅमेऱ्यांना ग्रिप, म्हणजे खाली जोडायचे बॅटरीचे ठोकळे, घेतल्या. कॅमेरे एकाच मॉडेलचे होते, त्यामुळे ग्रिपही सारख्याच. कॅमेऱ्यातली बॅटरी काढायची, तिथलं झाकण काढायचं आणि त्या जागी ग्रिपचा खुंट आत सारून खालून स्क्रू आवळायचा. ग्रिपच्या पोटात दोन बॅटऱ्या बसतात. उभा फोटो घ्यायला वेगळं बटण असतं, मनगट वाकडं करावं लागत नाही.

‘दोन बॅटऱ्या म्हणजे दुप्पट जोर मिळतो का?’ मी विचारलं होतं.

ताई हसल्या. ‘जोर तेवढाच. वेळ दुप्पट.’ मग स्टुडिओच्या काउंटरवर दोन्ही बॅटऱ्या शेजारीशेजारी ठेवून त्यांनी मला समजावलं. काही ग्रिप दोन्ही बॅटऱ्यांतून बरोबरीनं घेतात. आमची तशी नव्हती. ती पुढच्या खणातली बॅटरी पार संपवायची आणि मगच मागच्या खणातलीला हात लावायची. ही बदलाबदल दोन फोटोंच्या मधे आपोआप व्हायची, काढणाऱ्याला कळायचंही नाही. स्क्रीनवर मात्र दोन्हींचे आकडे वेगवेगळे दिसायचे. ‘आणि दोन्ही नुसत्या तारेनं जोडल्या तर चालणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘भरलेली बॅटरी रिकामीला देत बसेल आणि तापेल. ते होऊ नये म्हणून आत सर्किट असतं.’

बॅटऱ्या दिसायला सारख्या, म्हणून मी माझ्या दोन्हींवर टिकल्या लावल्या. लाल टिकलीची नेहमी पुढच्या खणात, हिरवीची मागच्या. ताईंना त्याचं फार कौतुक. गिऱ्हाइकांना दाखवायच्या, ‘ही बघा आमची नवरीसारखी सजवलेली बॅटरी.’

मग ताईंच्या मुलाचं लग्न झालं. सून शिकलेली, शांत मुलगी. हिंजवडीतली तिची नोकरी लग्नानंतर काही महिन्यांत गेली आणि ती घरी बसून कोमेजायला लागली. ताई मला म्हणाल्या, ‘तिला जरा कॅमेरा दाखव गं. माझं ऐकत नाही, सासू म्हणून दडपण येतं. तुझ्याकडे मोकळी होईल. तेवढाच तिचा जीव रमेल.’

मी शिकवलं. दुपारी सासूबाई झोपल्या की ती आमच्याकडे यायची. उजेड कुठून येतोय ते आधी बघायचं, बाईच्या नाकाखाली सावली पडू द्यायची नाही, ओटी भरताना हातांवर लक्ष ठेवायचं कारण चेहरे नंतरही मिळतात, हे सगळं मी तिला सांगितलं. ग्रिप लावायला शिकवली. तिचा हात लवकर बसला. मला आनंदच झाला. ताईंना तसं फोन करून सांगितलंही.

त्याच सुमाराला आमचं काम कमी झालं. ‘यंदा मुहूर्तच कमी आहेत,’ ताई म्हणायच्या. ‘लोक आता मोबाइलवरच काढतात. बघू, दिवाळीनंतर वाढेल.’ मला खोटं वाटायचं काही कारण नव्हतं. उलट मीच त्यांना धीर द्यायचे.

एका शनिवारी त्या घरी आल्या. ‘तुझी ग्रिप दे उद्यापुरती. माझी दुसरी बॅटरी ओळखतच नाही. खराबी ग्रिपमध्ये आहे की कॅमेऱ्यात, ते तुझी लावून बघते.’ मी दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून, ग्रिपमध्ये घालूनच दिली. सोमवारी सकाळी त्यांनी ती परत केली. ‘माझ्या ग्रिपमध्येच घोळ आहे,’ म्हणाल्या. ‘चार-पाच फोटो काढले, लगेच कळलं.’

त्या गेल्यावर मी ग्रिप कॅमेऱ्याला लावली. स्क्रीनवर लाल टिकलीची बॅटरी भरलेली होती आणि हिरवीची अर्ध्याहून खाली आली होती.

मी ग्रिप काढून, उघडून बघितली. दोन्ही बॅटऱ्या आपापल्या खणातच होत्या. पुन्हा लावली. आकडे तेच. लाल संपल्याशिवाय ग्रिप हिरवीकडे जातच नाही. हिरवी एवढी उतरली म्हणजे लाल आधी पूर्ण संपली असणार आणि नंतर कुणीतरी ती पुन्हा भरली असणार. हे चार-पाच फोटोंचं काम नव्हतं. अख्ख्या कार्यक्रमाचं होतं.

मी ताईंना फोन केला. हसतच विचारलं.

‘अगं, बॅटऱ्या काढून बघितल्या ना, घालताना खणांची अदलाबदल झाली असेल, देताना टिकल्या बघून नीट केल्या,’ त्या म्हणाल्या. ‘कॅमेरा चालू राहिला असेल टेबलावर. एवढं काय त्यात?’

मी म्हटलं, हो, असेल. फोन ठेवल्यावर स्वतःलाही तेच सांगितलं. बॅटऱ्यांची अदलाबदल झाली असेल, कॅमेरा तसाच चालू राहिला असेल. ज्या बाईनं माझ्या सासूला पेज भरवली तिच्यावर बॅटरीवरून संशय घ्यायचा, याची मला लाज वाटली.

त्याच आठवड्यात चिंचवडच्या मंडईत मला एक आजी भेटल्या. मोशीच्या, तिथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या नातवाच्या लग्नात घरातल्या बायकांचे सगळे फोटो मीच काढले होते. हळदीला त्यांनी मला बळंबळं जेवायला बसवलं होतं. मी कोथिंबीर निवडत होते, तेवढ्यात मागून माझा दंड कुणीतरी धरला.

‘काय गं, इसरलीस व्हय आमाला?’

‘नाही हो आजी. कशा आहात?’

‘म्या बरी हाय. तुझी सासू कशी हाय? लईच आजारी हाय म्हनं.’

‘आहेत तशाच आहेत. आता आधार घेऊन उठून बसतात.’

आजी माझ्याकडं बघत राहिल्या. ‘मंग काम का सोडलंस?’

‘मी कुठं काम सोडलं?’

‘आगं, नातसुनेचं डोहाळजेवान झालं की मागल्या ऐतवारी. म्या फोनवर सांगितलं व्हतं त्या बाईला, ती टिकल्यावाली पोरगीच पायजे म्हनून. तर ती म्हनली, तिनं काम सोडलं, सासूचं लई हाय तिला, आता न्हाई येत ती कुटं. सोताच्या सुनंला घेऊन आली. पोरगी चांगली हाय, पर माझं मन न्हाई भरलं.’

मागचा रविवार म्हणजे माझी ग्रिप ताईंकडे होती तोच. मी कोथिंबिरीची जुडी हातात तशीच धरून उभी होते. भाजीवाला म्हणाला, ‘ताई, घ्यायची का?’ आणि त्या शब्दानं मला रडू फुटलं. आजींना वाटलं, सासूच्या काळजीनं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि ‘बारशाला तूच यायचं, आसंल त्या येळंला ये,’ असं बजावून गेल्या.

मी मंडईतून घरी न जाता सरळ स्टुडिओत गेले. ताई एकट्या काउंटरवर फोटो कापत होत्या. आतल्या खोलीत पडद्याखाली सुनेच्या चपला दिसत होत्या.

‘मोशीच्या आजी भेटल्या,’ मी म्हणाले.

ताईंनी कात्री खाली ठेवली. कोणत्या आजी, असं त्यांनी विचारलं नाही.

‘बस,’ म्हणाल्या. ‘चहा सांगते.’

‘चहा नको. किती दिवस चाललंय?’

‘तुला सांगणारच होते मी.’ त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि तेच मला सहन होईना. ‘पोरगी घरात वेडी व्हायला लागली होती. मुलगा रोज माझ्याशी भांडायचा. तिला काहीतरी द्यायला हवं होतं. दोघींना पुरेल एवढं काम आहे, तिघींना नाही. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?’

‘तोंडावर सांगितलं असतं.’

‘सांगणं सोपं नसतं गं.’

‘माझ्याच ग्रिपवर, माझ्याच बॅटऱ्यांवर, माझ्याच गिऱ्हाइकाचा कार्यक्रम केलात. ते सोपं होतं?’

त्या कापलेले फोटो गोळा करून सारखे करायला लागल्या.

‘आणि सासूबाईंचं नाव कशाला घेतलंत?’ माझा आवाज चढला. ‘त्यांना बरं वाटावं म्हणून मी रात्रंदिवस करतेय. तुम्ही येऊन बघितलंय. माझं काम काढून घ्यायला तुम्हाला त्यांचंच दुखणं मिळालं?’

‘लोकांना काहीतरी सांगावंच लागतं,’ ताई म्हणाल्या. ‘खरं सांगितलं असतं तर माझ्या सुनेला कुणी उभं केलं नसतं. सगळे तुलाच मागायचे.’

मी पडद्याकडं बघितलं. मी शिकवलेली मुलगी पलीकडं उभी होती. बाहेर येऊन एक शब्द बोलली असती तरी मला चाललं असतं. ती आली नाही. मी माझा दिवा, त्याचा स्टँड आणि फोटोंच्या मागं लावायचा निळा पडदा उचलला. निळा पडदा दोघींनी मिळून शिवून घेतला होता, तरी मी तो घेतला. ताईंनी अडवलं नाही. रिक्षात बसले तेव्हा स्टँड बाहेर आल्यानं रिक्षावाला काहीतरी कुरकुरत होता, ते मला घरी पोचेपर्यंत ऐकू येत राहिलं.

घरी नवरा म्हणाला, ‘जाऊ दे ना. कंपनीतपण असंच होतं. ज्याला शिकवतो तोच आपल्या जागेवर बसतो.’ त्याला बरं वाटावं म्हणून मी हो म्हटलं. पण कंपनीतल्या कुणी माझ्या सासूला पेज भरवली नव्हती. पुढे कित्येक दिवस मी मागचं उकरत बसायचे. मुहूर्त कमी आहेत म्हणाल्या होत्या, तेव्हा त्या कुठल्या कार्यक्रमाहून आल्या होत्या? मी त्यांना धीर देत होते, तेव्हा त्यांच्या मनात काय चालू होतं? सुनेचा हात लवकर बसला म्हणून मी फोन केला, त्या दिवशी त्यांनी ठरवलं असेल का? ज्या ज्या आठवणी चांगल्या होत्या, त्या सगळ्यांत आता मी काहीतरी शोधायला लागले, याचा राग मला सगळ्यात जास्त आला.

मोशीचं बारसं मी एकटीनं केलं. आजींनी अजून चार घरं सांगितली. काम हळूहळू जमलं. ज्या घरांत सासूबाईंच्या दुखण्याची बातमी पोचली होती, तिथं मला प्रत्येक वेळी सांगावं लागलं की मी काम सोडलेलं नाही. कुणी सांगितलं होतं ते मात्र मी कुठंच बोलले नाही. ते ताईंच्या भल्यासाठी नव्हतं. आपण एवढे फसलो हे लोकांना सांगायची मला लाज वाटत होती.

यंदा एका साखरपुड्यात आम्ही समोरासमोर आलो. मुलीकडून मी, मुलाकडून ताई आणि त्यांची सून. सुनेनं लांबूनच मान हलवली. ताईंचे केस बरेच पांढरे झाले होते. अंगठी घालायची वेळ आली आणि मी घाईत चुकीच्या बाजूला उभी राहिले. मुलीच्या पाठीमागं खिडकी होती आणि तिचा चेहरा पार काळोखात गेला होता. ताईंनी ते बघितलं. थोडं सरकून त्यांनी आपल्या शेजारी जागा केली आणि पूर्वीसारख्याच हळू आवाजात म्हणाल्या, ‘अगं, इकडून ये. इकडं उजेड आहे.’

मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि होते तिथूनच फोटो काढले. ते सगळे खराब आले. मुलीच्या आईनं विचारलं, तेव्हा मी हॉलच्या दिव्यांना दोष दिला.